एडनला फोडलेली मोहर

१

गोदूबाईंनी पदराची गाठ सोडली आणि महिपतरावांच्या ओटीवर तांब्याचे पैसे एकेक करून मांडले. पंचवीस भरले. सगळे राणीछाप, कुणीतरी निवडून घेतल्यासारखे स्वच्छ.

"नाझरकाका, माझ्या सोन्याच्या जागी थैलीतून हे निघाले," त्या म्हणाल्या. "वीस गिन्या होत्या. हातातल्या पाटल्या मोडून घेतल्या होत्या मी."

महिपतराव कर्णिक तीस वर्षं ठाण्याच्या कोर्टात नाझर होते. जप्तीचं वॉरंट घेऊन लोकांच्या घरात शिरायचं आणि लपवलेलं सोनंनाणं हुडकून काढायचं, यात त्यांची उभी हयात गेली होती. आता पेन्शन घेऊन चरईतल्या घरी बसले होते, गुडघे दुखत होते आणि लोकांच्या भानगडींत पडायचा कंटाळा आला होता. पण गोदूबाईंचे सासरे त्यांचे जुने स्नेही. नाही म्हणवेना.

हकीकत साऱ्या ठाण्याला ठाऊक होती. गोदूबाईंचे यजमान आठ वर्षं आफ्रिकेत जंगबारला एका वखारीत नोकरीला होते. माघात त्यांनी दोन्ही मुलांना तिकडे बोलावलं. रघु सोळा वर्षांचा, सुमती तेरा वर्षांची. आगबोटीची तिकिटं आली. पोरांना सोबत म्हणून गोदूबाईंचा पाठचा भाऊ विश्राम निघाला. तो कल्याणला मास्तर होता. परमुलखात मुलांना हातखर्चाला कमी पडू नये म्हणून गोदूबाईंनी वीस गिन्या थैलीत घालून, तोंडाला लाख लावून मोहर केली. रोजच्या किरकोळ खर्चाला विश्रामजवळ पाच रुपये निराळे दिले. एडन येईपर्यंत थैली फोडायची नाही, असं ठरलं होतं.

एडन यायच्या आधीच रघु तापाने फणफणला. आगबोटीवरून त्याला खाली उतरवलं. तिथे पिण्याचं पाणी विकत, बर्फ विकत, डॉक्टर तर विकतच. किरकोळीचे रुपये संपले, तशी विश्रामने थैली फोडली, तर आत हे तांब्याचे पैसे. धर्मादाय दवाखान्याच्या पडवीत चौथ्या दिवशी रघु गेला. एका दयाळू व्यापाऱ्याने तिकीट काढून दिलं म्हणून मामा आणि भाची डेकवर बसून परत तरी आले.

"त्यातली एक गिनी त्या दिवशी हातात असती तर माझं पोर वाचलं असतं," गोदूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. अडीच महिन्यांत ते संपलं असावं. "मला फिर्याद लिहून द्या. सोमवारी कोर्ट उघडलं की द्यायची आहे."

"कुणावर?"

"माझ्या भावावर."

२

बुधवारी महिपतराव कल्याणला गेले. विश्राममास्तरांचं घर तलावाच्या अंगाला होतं. शाळेच्या चालकांनी त्यांना बिनपगारी रजेवर बसवलं होतं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. पाहुण्याला बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

"मी चोर आहे असं सगळं गाव म्हणतं," ते म्हणाले. "ताई म्हणते, मग मी कुणाचं तोंड धरू?"

"मी अजून काही म्हटलेलं नाही. आगबोटीवर काय काय झालं ते सांगा. खर्चापासून सांगा."

विश्राममास्तरांनी एक वही आणली. मास्तराचीच वही ती, आखलेली, अक्षर मोत्यासारखं. "मुलांच्या हातात पैसा मुळीच दिला नाही तर ती लाचार होतात, आणि एकदम दिला तर उधळतात. म्हणून मी रोज सकाळी प्रत्येकाला चार आणे देत असे. संध्याकाळी कशात गेले ते विचारून लिहीत असे."

सुमतीच्या नावाखाली बारीकसारीक नोंदी होत्या. लिंबं, साखरफुटाणे, एका खलाशाकडून घेतलेली शिंपल्यांची फणी. उडते मासे किती दिसतील यावर पैज लावून ती दोन आणे हरलीही होती. रघुच्या नावाखाली मात्र सहा दिवस सहा पूज्यं.

"काहीच खर्चलं नाही त्याने?"

"नाही. मी रागावलो. म्हटलं, अरे, आईने हे खर्चायलाच दिलेत, कंजुषी कसली करतोस? तर हसला नुसता." मास्तरांनी वही मिटली. "सहाव्या दिवशी सकाळी अंग भट्टीसारखं तापलेलं. एडन अजून दिसायचं होतं. त्याने उशाखालून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. दीड रुपया. म्हणाला, मामा, हे ठेवा, एडनला लागतील. मी म्हटलं, वेड्या, माझ्या कंबरेला वीस गिन्या आहेत. त्यावर त्याने तोंड फिरवलं."

महिपतरावांनी मान वर केली.

"पुढे शुद्ध अशी नव्हतीच. भ्रमात एकच विचारायचा. आईचे तांदूळ संपले का? संपले नाहीत ना अजून? मी म्हणायचो, भरपूर आहेत रे. मग गप्प व्हायचा. उपाशी होता पोर, म्हणून बडबडत असेल."

"थैलीची मोहर कुणासमोर फोडलीत?"

"दवाखान्यातल्या कंपाउंडरसमोर. मोहर शाबूत होती असं त्याच्याकडून लिहून घेतलंय. आणि ही लाख." मास्तरांनी कागदाची पुडी उलगडली. आत तांबड्या लाखेचा तुकडा होता, नखाएवढ्या दोन भागांत फुटलेला. "ताईला दाखवायला गेलो तर तिने दार लावून घेतलं. म्हणाली, खोटी मोहर कुठेही करून मिळते."

महिपतरावांनी तो तुकडा उजेडात धरला. मोहरेच्या अक्षराच्या मधोमध केसाएवढी तिरपी रेघ गेली होती.

"हा मी घेऊन जातो," ते म्हणाले. "यावरून ठरेल तुम्ही तुरुंगात जायचं की नाही ते."

३

मोहरेची अंगठी यजमानांची. जंगबारला जाताना ते ती बायकोजवळ ठेवून गेले होते, आणि तेव्हापासून ती देव्हाऱ्यात चांदीच्या डबीत असे. गोदूबाईंनी ती आणून दिली. महिपतरावांनी दिव्यावर लाख तापवली, कागदावर थेंब पाडला आणि अंगठी दाबली. मग एडनचा तुकडा शेजारी ठेवला.

तीच केसाएवढी रेघ, त्याच जागी, तशीच तिरपी.

"बघा," ते म्हणाले. "अंगठीला चीर गेली आहे. अक्षराची नक्कल करता येते, चिरेची येत नाही. एडनला फुटली ती मोहर याच अंगठीची. आणि अंगठी या घरातून बाहेर गेलेली नाही."

गोदूबाईंनी दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले. "म्हणजे चोरी इथे झाली? माझ्या घरात?"

"विश्रामच्या हाती थैली जाण्यापूर्वी कुणीतरी तुमची मोहर काढली, गिन्या काढल्या, पैसे भरले आणि याच अंगठीने पुन्हा मोहर केली. थैली कुठे होती?"

"गुरुवारी मोहर केली, ती पेटीत ठेवली. शनिवारी निघताना विश्रामच्या हाती दिली. पेटीची किल्ली माझ्या कंबरेला असते. आंघोळीच्या वेळी तेवढी खुंटीवर." मग हलकेच म्हणाल्या, "लोक आता म्हणतील, बाईने गिन्या घातल्याच नसतील."

"लोकांचं मी बघतो. त्या शुक्रवारी घरात कोण कोण होतं?"

"मुलं होती. गंगुबाई कामाला होती. आणि तो दौलत दोनदा येऊन गेला, जंगबारहून तिकिटं घेऊन आलेला. रात्री विश्राम मुक्कामाला आला, म्हणून सोमवारची फिर्याद मी सोडलेली नाही."

तिथून महिपतराव भिवा सोनाराच्या दुकानी गेले. एका पारड्यात वीस गिन्यांचं वजन टाकायला लावलं, दुसऱ्यात ते पंचवीस पैसे ठेवले. पारडी जवळजवळ बरोबर राहिली.

"दोन-अडीच माश्यांचा फरक," भिवा म्हणाला. "थैली हातात घेणाऱ्याला कळायचं नाही."

महिपतरावांनी आयुष्यात शेकड्यांनी चोर पाहिले होते. चोर घाईत असतो. मूठभर खडे भरतो आणि पळतो. इथे कुणीतरी शांतपणे बसून त्रैराशिक मांडलं होतं. वीस गिन्या हव्यात तर पैसे किती, याचं उत्तर काढलं होतं. गंगुबाईला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं. दौलत मात्र जंगबारच्या त्याच वखारीत कारकून होता, आणि भिवाने जाता जाता सांगितलं की दौलतने गेल्याच महिन्यात चांदीचं घड्याळ घेतलं होतं.

४

दौलत कोपरीला बहिणीच्या घरी राहत होता. नाझरांना दारात बघून त्याचा हात आधी बंडीच्या खिशावर गेला, घड्याळ होतं तिथे.

"हे माझ्या पगाराचं आहे," तो न विचारताच म्हणाला. "पावती आहे."

"पावती नंतर बघू. मुलं निघायच्या आदल्या दिवशी गोदूबाईंकडे दोनदा का गेला होतास?"

"एकदा तिकिटं द्यायला."

"आणि दुसऱ्यांदा?"

दौलत खाली बसला. त्याचा चेहरा चोराचा नव्हता, शरमिंद्या माणसाचा होता. "दुसऱ्यांदा चिठ्ठी द्यायला. साहेबांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, एक चिठ्ठी दिली होती बाईंसाठी. मुलं निघून गेल्यावर द्यायची, आधी नाही, असं बजावलं होतं. मला ते ओझं घेऊन राहवेना. रघु ओटीवर एकटा होता. त्याला म्हटलं, मोठा झालास, तूच ठेव, योग्य वेळ बघून आईला दे. त्याने माझ्यासमोरच उघडली."

"काय होतं आत?"

"तिकडे त्यांचं दुसरं घर आहे. मुलं झालीत. मुलांची जबाबदारी मी घेतो, आता तुला दरमहा पैसे पाठवणं होणार नाही, तू भावाकडे जाऊन राहा, असं लिहिलं होतं." दौलतने घड्याळ काढून पुन्हा आत ठेवलं. "रघु आत गेला. चिठ्ठी चुलीत घातली. मग बाहेर येऊन मला विचारलं, एका माणसाला वर्षाला किती लागतात, पोटापुरते?"

महिपतराव तसेच गोदूबाईंकडे परतले. चिठ्ठीची गोष्ट काढायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी आडून विचारलं, "जंगबारहून पैसे येतात ना?"

"फाल्गुनापासून बंद झाले."

"रघुच्या दुःखाने असेल."

"दुःखाने नव्हे. तिथे त्यांची दुसरी बाई आहे, काका. चार वर्षं ठाऊक आहे मला." गोदूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. "मुलांना कळू दिलं नाही. पाटल्या मोडल्या त्या याचसाठी. तिच्या दारात माझ्या मुलांना चार आण्यांसाठी हात पसरायला लागू नये म्हणून."

परसात गंगुबाई भांडी घासत होती. महिपतरावांनी तिला शेवटचा प्रश्न विचारला. तो विचारताना त्यांना वाटत होतं, उत्तर वेगळं येवो.

"मुलं जायच्या आदल्या दिशी? तांदलाची गोनी आलेली," गंगुबाई म्हणाली. "कनगी भरायची व्हती. पन रघुदादानं मना हातच लावू दिला नाय. बोलला, गंगुबाय, तू बस, आज मी भरतंय. सारी गोनी येकट्यानं वतली. घामाघूम झाला पोर."

५

शनिवारी महिपतराव पुन्हा कल्याणला गेले. विश्राममास्तरांना त्यांनी समोर बसवलं आणि दौलतने आणलेल्या चिठ्ठीपासून एकेक करून सांगितलं.

"मोहर घरातल्या अंगठीची, म्हणजे अदलाबदल घरात झाली. वजनाचा हिशोब बरोबर, म्हणजे करणारा शिकलेला. आई आंघोळीला गेली की किल्ली खुंटीवर असते हे बाहेरच्याला माहीत नाही. राहिली दोन मुलं. आता मला सांगा, मामाच्या कंबरेला वीस गिन्या आहेत असं ज्याला वाटतं तो मुलगा आपले चार आणे साठवून दीड रुपया मामाला का देईल? एडनला लागतील असं का म्हणेल?"

मास्तरांनी वही पुढ्यात ओढून ती सहा पूज्यं पुन्हा पाहिली.

"त्याला माहीत होतं की थैलीत काही नाही. आगबोटीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून पोराने चणासुद्धा घेतला नाही. आईच्या पाटल्या आईलाच परत ठेवून तो निघाला होता. जंगबारला बाप आहे, तिथे भागेल, असा हिशोब केला असेल. वाटेत आपण आजारी पडू हे त्या हिशोबात नव्हतं."

"पण मग मला का नाही सांगितलं? तापात तरी..."

"तापात सांगतच होता. मी तीस वर्षं जप्त्या केल्या, मास्तर. माणूस सोनं धान्यात लपवतो हे मला झोपेत कळतं. पण तो पोर लपवत नव्हता. आईचे पैसे येणं थांबेल, महिने जातील, कणगीचा तळ लागेल, त्या दिवशी तिला घ्यायला काही नसेल, नेमक्या त्या दिवशी तिच्या हाताला गिन्या लागाव्यात अशी त्याने ती जागा शोधली. म्हणून विचारत होता, आईचे तांदूळ संपले का."

विश्राममास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाहेर तलावावर कुणी धुणं आपटत होतं. ते म्हणाले, "ताईला सांगितलंत?"

"उद्या सांगेन. तुमच्यावरचा डाग जाईल."

"नका सांगू."

"अहो, सोमवारी ती फिर्याद देणार. दोन वर्षं आत जाल."

"जाईन." मास्तरांचा आवाज आता स्थिर होता, वर्गात असतो तसा. "काका, आज ती मला शिव्या देते, म्हणून जगते आहे. तिला कळलं की आपल्या मुलाने आपल्यासाठी पैसे मागे ठेवले आणि त्याच पैशांवाचून तो तडफडून गेला, तर ती एक दिवस राहील का? भाऊ चोर निघाला हे माणूस सोसतो. हे नाही सोसणार ती."

"पण कणगी कधीतरी संपेलच."

"म्हणूनच म्हणतो. ती काढून आणा, माझ्याकडे द्या. मी तिच्यापुढे ठेवतो आणि सांगतो, मीच घेतल्या होत्या."

"आणि मोहर? अंगठी घरातली आहे हे मी तिला दाखवून बसलोय."

मास्तरांनी वही बाजूला सारली. "त्या शुक्रवारी रात्री मुक्काम माझा तिथेच होता. शनिवारी सकाळी ती आंघोळीला गेली होती. तुम्ही मला विचारलंच नाहीत."

महिपतरावांनी जन्मभर खोटी जबानी ओळखली होती. इतकी चोख त्यांनी कधी ऐकली नव्हती. ते नाही म्हणायला उठले, आणि नाही न म्हणताच स्टेशनाकडे चालू लागले.

६

रविवारी गोदूबाई शेजारणीबरोबर कोपिनेश्वराला गेल्या, तेव्हा महिपतराव, सुमती आणि गंगुबाई यांनी कणगी उपसली. कणगी निम्म्याहून अधिक भरलेली होती. तिघांच्या घरात आता दोघीच होत्या, आणि त्यांतली एक जेमतेम जेवत होती. तळाशी रघुच्या जुन्या टोपीत बांधलेल्या वीस गिन्या होत्या. चिठ्ठी वगैरे काही नव्हतं.

सुमतीने टोपी ओळखली. तिने गाठ सोडली. गिन्या मोजून महिपतरावांच्या उपरण्यात घातल्या आणि टोपी आपल्या परकराच्या ओच्यात दडवली. गंगुबाईने कुणी न सांगताच ओठांवर बोट ठेवलं.

"दादाने ठेवल्या," ती म्हणाली. "आईला सांगायचं नाही?"

"मामा नको म्हणतात."

"मग आई मामाला कायमच चोर म्हणणार?"

महिपतरावांनी उपरण्याला गाठ मारली. तेरा वर्षांच्या पोरीवर हे ओझं टाकायचा आपल्याला काय अधिकार, असं त्यांच्या मनात आलं. पण तोवर तिने टोपल्यांतले तांदूळ परत ओतायला सुरुवात केली होती.

सोमवारी सकाळी कोर्ट उघडण्याआधी विश्राममास्तर बहिणीच्या दारात उभे राहिले. त्यांनी महिपतरावांकडून आणलेलं उपरणं सोडून गिन्या उंबऱ्याच्या आत ठेवल्या आणि शिकून आलेला धडा म्हणावा तसं सगळं म्हणून टाकलं. शनिवारची सकाळ, खुंटी, किल्ली, अंगठी. गोदूबाई उंबऱ्याशी खाली बसल्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी गिन्या मोजल्या. वीस भरल्या.

"यांतली एकही खर्चली नाहीस," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग पोर मरत होतं तेव्हा कुठे होत्या?"

याचं उत्तर मास्तरांनी तयार केलेलं नव्हतं. ते नुसते खाली बघत राहिले. ते गप्प राहणंच गोदूबाईंना कबुलीसारखं वाटलं. त्यांनी आतून फिर्यादीचा कागद आणला आणि त्यांच्यासमोर फाडला.

"तुरुंगात गेलास तर सरकार तुला जेवायला घालील. ते नको. जा. मी मेले तरी खांदा द्यायला येऊ नकोस."

सुमती पुढे झाली आणि मामाच्या पाया पडली.

"चोराच्या पाया पडतेस?"

"मामा आहेत माझे," सुमती म्हणाली, आणि आईने हात धरून ओढेपर्यंत उठली नाही.

कबुली चार घरी गेली, तशी कल्याणलाही पोचली. शाळेच्या चालकांनी मास्तरांचं नाव काढून टाकलं. ते खानदेशात एका कापसाच्या पेढीवर लिहिण्याच्या कामाला लागले. तिथून ते दर दोन महिन्यांनी महिपतरावांना पत्र टाकत. त्यात सुमतीची चौकशी असे, बहिणीची नसे.

तिसऱ्या वर्षी पौषात पत्राऐवजी तार आली. विश्राममास्तर हिवतापाने गेले होते. महिपतराव ती घेऊन गोदूबाईंकडे गेले. भावाचं सुतक म्हणून गोदूबाईंनी विहिरीचं पाणी अंगावर ओतून घेतलं आणि ओलेत्यानेच पडवीत येऊन उभ्या राहिल्या. केसांत पांढरं फार झालं होतं.

महिपतरावांना वाटलं, आता शब्द जपायचा तरी कुणाचा? ज्याच्या शब्दाखातर खोटं जपलं तो गेला. निदान मेलेल्या माणसाच्या नावावरचा डाग तरी पुसावा. ते एक पाऊल पुढे झाले.

"गोदूबाई, विश्रामच्या बाबतीत एक सांगायचं राहिलंय."

"नका सांगू, काका. तीन वर्षं रोज एकच मागणं मागत होते देवाजवळ," गोदूबाई म्हणाल्या. "माझ्या रघुला ज्याने पाण्यावाचून मारलं त्याला उठवून ने. आज ऐकलं देवाने. आता मी सुखाने मरेन."

आतल्या दारात सुमती उभी होती. सोळा वर्षांची झाली होती, रघु गेला तेव्हा त्याचं वय होतं तेवढीच. तिने महिपतरावांकडे बघून एकदाच मान हलवली, नाही म्हणून.

"काय सांगायचं होतं?" गोदूबाईंनी विचारलं.

"शेवटी फार हाल झाले नाहीत त्याचे," महिपतराव म्हणाले. "एवढंच."